दुवा व मार्गनिर्देशक सूची, एचटीएमएलमधील

जालपृष्ठातील एखादा शब्द अथवा चित्र निवडताच वाचकाला दुसऱ्या पृष्ठाकडे किंवा त्याच पृष्ठाच्या अन्य भागाकडे नेणाऱ्या जोडणीस दुवा म्हणतात. संकेतस्थळाच्या प्रमुख विभागांकडे नेणाऱ्या अशा दुव्यांच्या समूहास मार्गनिर्देशक सूची म्हणता येईल. कोशग्रंथात ‘पहा’ हा निर्देश जे कार्य करतो, तेच दुवा करतो. मात्र पाने उलटण्याचे श्रम येथे यंत्र उचलते.

व्हॅनीव्हार बुश (१८९०–१९७४) या अमेरिकी अभियंत्यांनी १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ या यंत्राची कल्पना मांडली. नोंदी वर्णानुक्रमाने न लावता विचारांच्या साहचर्याने जोडाव्यात, हे तिचे सूत्र होते. टेड नेल्सन (१९३७– ) यांनी १९६५ मध्ये अशा परस्परबद्ध मजकुरास ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले, तर डग्लस एंगेलबर्ट (१९२५–२०१३) यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे प्रात्यक्षिक करून दाखविले.

टिम बर्नर्स-ली (१९५५– ) यांनी जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत मार्च १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबचा मूळ प्रस्ताव सादर केला. एचटीएमएल या खुणांच्या भाषेत दुव्यासाठी त्यांनी ‘ए’ हा टॅग योजला. गंतव्य पृष्ठाचा पत्ता त्याच्या ‘एचरेफ’ या गुणधर्मात लिहितात. नेल्सन यांना अभिप्रेत असलेला दुवा दोन्ही बाजूंनी बांधलेला होता. वेबवरील दुवा मात्र एकदिश आहे. त्यामुळे कोणाचीही अनुमती न घेता कोणत्याही पृष्ठाकडे दुवा देता येऊ लागला व वेबचा विस्तार झपाट्याने झाला. परंतु मूळ पृष्ठ हलविले वा नष्ट केले, तर त्याची वार्ता दुवा देणाऱ्यास मिळत नाही आणि दुवा तुटतो. ही त्या सुलभतेची किंमत होय.

एचटीएमएलच्या १९९५ मधील दुसऱ्या आवृत्तीत ‘मेनू’ नावाचा टॅग होता. तथापि प्रत्यक्षात सूच्या कोष्टकांत, चित्रांत किंवा ‘फ्रेम’ या विभागलेल्या चौकटींत मांडल्या जात. डोळ्यांना त्या नेटक्या दिसत. परंतु पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या आधारे वाचणाऱ्या अंध व्यक्तीस पर्यायी मजकुराविना चित्रातील अक्षरे निरुपयोगी ठरत. मांडणीचे काम सीएसएस या शैलीभाषेकडे (१९९६) सोपविणे शक्य झाल्यावर, आणि सर्वांना वेब वापरता यावे यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर, रचना व रूप वेगळे ठेवण्याचा विचार रुजला. ऑक्टोबर २०१४ मध्ये मानक ठरलेल्या एचटीएमएल ५ ने फ्रेम त्याज्य ठरविल्या व सूचीसाठी ‘नॅव्ह’ हा स्वतंत्र टॅग दिला.

योग्य रचनेत ‘नॅव्ह’च्या आत ‘यूएल’ ही यादी, तीत प्रत्येक घटकासाठी ‘एलआय’ व त्यात ‘ए’ असा क्रम असतो. यादीमुळे वाचक-आज्ञावली एकूण किती घटक आहेत हे आधीच सांगू शकते. उपसूची ज्या घटकाची असेल त्या ‘एलआय’च्या आतच ठेवतात, ती बाहेर पडल्यास तिचे त्या घटकाशी असलेले नाते लोपते. ‘एचरेफ’विना लिहिलेला ‘ए’ कळफलकाने गाठता येत नाही. तसेच ‘येथे टिचकी मारा’ हे शब्द दुव्यास पुरेसे नाहीत. कारण अनेक अंध वाचक केवळ दुव्यांची यादी ऐकतात आणि अशा शब्दांवरून गंतव्याचा बोध होत नाही. पृष्ठावर एकाहून अधिक ‘नॅव्ह’ असल्यास प्रत्येकास वेगळे नाव द्यावे. मात्र दुव्यांचा प्रत्येक लहानसा पुंजका ‘नॅव्ह’मध्ये घालू नये. पृष्ठारंभी मुख्य मजकुराकडे थेट नेणारा दुवा असल्यास प्रत्येक पानावर तीच सूची पुन्हा ऐकावी लागत नाही.