तीन महिन्यांचा शिपाई



दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे आणि मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी परतावयाचे, हा क्रम आपल्या इतिहासात सर्वांच्या परिचयाचा आहे. लष्कराने आठ महिने परमुलखात काढावे आणि पावसाळ्यात छावणीस यावे, असा शिवाजी महाराजांचा दंडक सभासदाने आपल्या बखरीत नोंदून ठेविला आहे. शिपाईगिरी करणाऱ्या पुष्कळ घरांची शेती होती, आणि तलवारीचे दिवस कोणते व नांगराचे दिवस कोणते, ह्याची वाटणी पावसानेच करून दिली होती. परंतु जेथे ही वाटणी पाऊस करीत नाही तेथे ती कोणी करावयाची? तेथे कायद्याला करावी लागते. आणि पावसाला कोणी लाच देऊ शकत नसले तरी कायदा बदलता येतो. आपला धंदा सांभाळून फावल्या वेळात शिपाईगिरी करणाऱ्या नागरिकाकडून राज्यसंस्था किती वेळ मागते, आणि ती मागणी कशी वाढत जाते, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. त्या एका उदाहरणाचाच विचार आज आपण करू.

अमेरिकेतील नॅशनल गार्ड ही संस्था आपला जन्मदिवस १३ डिसेंबर १६३६ हा मानते. त्या दिवशी मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने गावोगावच्या हत्यारबंद लोकांची रीतसर पथके बांधली. हे लोक म्हणजे शेतकरी, सुतार, दुकानदार. ठरलेल्या दिवशी गावच्या मैदानावर जमावे, कवायत करावी आणि घरी जावे. पुढे इंग्रजांच्या खड्या फौजेचा जाच सोसून हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा खड्या फौजेविषयीचा संशय लोकांच्या हाडीमाशी खिळला होता. १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वर्षांच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या नागरिकास ह्या लोकसेनेत, म्हणजे मिलिशियात, नाव नोंदविणे भाग पडले. बंदूकही त्याने स्वखर्चाने आणावयाची. मात्र त्याच वर्षी कायद्यात आणखी एक अट घातली गेली. राष्ट्राच्या कामासाठी बोलाविलेल्या मिलिशियातील कोणाही माणसास एका वर्षात तीन महिन्यांहून अधिक काळ सक्तीने नोकरीवर ठेवता येणार नाही!

ह्या तीन महिन्यांच्या अटीकडे आपण नीट पाहिले पाहिजे. ती केवळ शेतकऱ्याच्या सोयीसाठी नव्हती. ज्या राज्यकर्त्याच्या हाती तीन महिन्यांचे शिपाई आहेत, तो घराचे रक्षण करू शकतो. परंतु दूरदेशी जाऊन वर्षानुवर्षे लढाई करू शकत नाही. शिपायाच्या वेळेवर घातलेली मर्यादा ही अशा रीतीने राज्यकर्त्याच्या हौसेवर घातलेली मर्यादा होती.

परंतु लढाई काही कायद्याचे पंचांग पाहून संपत नाही. हा अनुभव जॉर्ज वॉशिंग्टनने स्वातंत्र्ययुद्धातच घेतला होता. १७७६ च्या डिसेंबरात ट्रेंटनचा विजय मिळाला खरा, पण त्याच्या कितीतरी पलटणींची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. आणखी सहा आठवडे थांबावे म्हणून त्याने प्रत्येक शिपायास दहा डॉलर देऊ केले. पुढे १८६१ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा १५ एप्रिल रोजी लिंकनने पंचाहत्तर हजार मिलिशिया बोलाविली, तीही तीन महिन्यांसाठीच. कारण कायदा त्याहून अधिक मागू देत नव्हता. जुलैत बुल रनची पहिली मोठी लढाई तोंडावर आली आणि पेनसिल्व्हेनियाच्या चौथ्या पलटणीची मुदत भरली. सेनापती मॅक्डॉवेलने थांबण्याची विनंती केली. पलटण ऐकेना. २१ जुलैच्या सकाळी बाकीची फौज शत्रूवर चालून जात असता ही पलटण आणि न्यूयॉर्कचा एक तोफखाना घराच्या दिशेने निघाले, आणि त्यांच्या पाठीमागे शत्रूच्या तोफा वाजत होत्या.

ह्या लोकांना भ्याड म्हणणे सोपे आहे. पण त्यांनी दिलेला शब्द तीन महिन्यांचा होता, आणि तो त्यांनी पाळला होता. त्या पलटणीचा कर्नल हार्ट्रांफ्ट मात्र मागे राहिला आणि लढला; पुढे त्यास त्याबद्दल शौर्यपदकही मिळाले. एकाच पलटणीतली ही दोन्ही माणसे खरी. नागरिक-सैनिकाच्या अंगात ती दोघेही नांदत असतात: एक घड्याळ पाहणारा, दुसरा घड्याळ विसरणारा. राज्यसंस्था नेहमी दुसऱ्याचे कौतुक करते आणि त्याच्या नावाने पहिल्याकडून वसूल करते.

हाच हार्ट्रांफ्ट पुढे पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर झाला. त्याच्या कारकिर्दीत १८७७ साली रेल्वे कामगारांचा प्रचंड संप झाला. पिट्सबर्गची स्थानिक पथके संपकऱ्यांशी सहानुभूतीने वागू लागली. कारण संपकरी त्यांचेच शेजारी होते. तेव्हा फिलाडेल्फियाहून पथके आणविली गेली आणि त्यांनी गोळीबार केला. सुमारे वीस माणसे पडली. योगायोग असा की तो दिवसही २१ जुलैचाच. गव्हर्नर त्या दिवशी प्रांताबाहेर होता. ह्या संपानंतर राज्याराज्यांतून अधिक शिस्तीची, अधिक कवायत केलेली पथके उभारण्याची खटपट सुरू झाली. शहरोशहरी किल्ल्यासारख्या शस्त्रशाळा बांधल्या गेल्या. संध्याकाळी दुकान बंद करून तेथे जमावयाचे, कवायत करावयाची, मित्रमंडळींत चार घटका घालवावयाच्या, असा ह्या स्वयंसेवकांचा परिपाठ असे. गणवेष पुष्कळदा पदरच्या पैशांचा. तोवर हा वेळ माणूस आपखुशीने देत होता.

आपखुशीच्या ह्या वेळेला हिशेब लागला तो १९०३ साली. ओहायओचे राजकारणी चार्ल्स डिक हे स्वतः गार्डातील अधिकारी. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने केंद्र सरकारने गार्डाला शस्त्रे व पैसा द्यावा, आणि त्याच्या बदल्यात गार्डाने वर्षात २४ कवायती व पाच दिवसांची छावणी करावी असे ठरले. पैशाच्या मागोमाग मागणीही वाढते. तेराच वर्षांनी, १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने, २४ च्या ४८ कवायती झाल्या आणि पाच दिवसांचे पंधरा. कवायतीस वेतन मिळू लागले, आणि शिपायास आपल्या राज्याबरोबर राष्ट्राचीही शपथ घ्यावी लागली. तीन महिन्यांची मर्यादा तर केव्हाच मागे पडली होती. त्याच उन्हाळ्यात मेक्सिकोच्या सरहद्दीवर एक लाखाहून अधिक गार्ड पाठविले गेले. बहुतेकांनी लढाई अशी पाहिलीच नाही. पाहिली ती धूळ आणि ऊन. इकडे त्यांच्या कुटुंबांचे हाल सुरू झाले, तेव्हा त्यांच्या पोटासाठी काँग्रेसला वेगळी रक्कम मंजूर करावी लागली. कवायतीच्या वेतनात बायकामुलांचा विचार कोणी केलाच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. १९४० च्या सप्टेंबरात गार्डाला एका वर्षासाठी बोलाविण्यात आले. वर्ष संपत आले आणि सरकारने मुदतवाढ मागितली. ऑक्टोबरात पळून जाऊ, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे छावण्यांच्या भिंतींवर दिसू लागली. १२ ऑगस्ट १९४१ रोजी प्रतिनिधिगृहात मत झाले: बाजूने २०३, विरुद्ध २०२. एका मताने लाखो माणसांचे वर्ष अडीच वर्षांचे झाले. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच पर्ल हार्बरवर हल्ला झाला, आणि त्या एका मताने देश वाचला असे लोक म्हणू लागले. ते खोटे नव्हे. पण त्या वादात विरुद्ध बाजूच्या २०२ जणांचाही एक मुद्दा होता: सरकारने शब्द एका वर्षाचा दिला होता. हे दोन्ही मुद्दे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

आता एक साधे गणित पाहू. १९१६ च्या कायद्यात ४८ कवायती, आणि प्रत्येक किमान दीड तासाची. म्हणजे वर्षाला ७२ तास, शिवाय पंधरा दिवसांची छावणी. कायद्यातील ४८ आणि १५ हे आकडे आजही तसेच आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आठवड्याच्या संध्याकाळऐवजी महिन्यातून एक शनिवार-रविवार घेण्याची पद्धत आली. एका शनिवार-रविवारात चार कवायती मोजावयाच्या, आणि प्रत्येक किमान चार तासांची. बारा महिन्यांच्या बारा चोक अठ्ठेचाळीस! आकडा तोच, पण ७२ तासांचे १९२ तास झाले. अधिकाऱ्यांची कागदपत्रे, सरावाची तयारी, प्रवास, हे वेगळेच. कायद्याचे एक अक्षरही न बदलता माणसाचे आयुष्य कसे बदलता येते, ह्याचा हा नमुना आहे.

१९७३ साली अमेरिकेतील सक्तीची लष्करभरती थांबली. व्हिएतनामच्या युद्धात अध्यक्ष जॉन्सन यांनी राखीव दले मोठ्या प्रमाणावर बोलाविली नव्हती. सक्तीची भरती टाळावयाची म्हणून पुष्कळ तरुण त्या काळी गार्डात शिरले होते. आता ती भरतीच उरली नाही, आणि खडी फौज महाग पडू लागली. म्हणून खडी फौज आणि राखीव दले मिळून एकच सेना, असे धोरण स्वीकारले गेले. नागरिक-सैनिकांवाचून युद्धच करता येणार नाही अशी रचना केली म्हणजे कोणताही राज्यकर्ता गावोगावची माणसे विचारल्याखेरीज युद्धास निघणार नाही, असे ह्या रचनेचे समर्थन पुढे पुष्कळांनी केले. विचार उदात्त होता.

तो कसोटीस लागला १९९० साली. इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर जॉर्जिया राज्यातील गार्डाची ४८ वी ब्रिगेड ३० नोव्हेंबरला बोलाविली गेली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात तिचा कसून सराव झाला. ती युद्धास योग्य असल्याचा निर्वाळा मिळाला तो २८ फेब्रुवारी १९९१ रोजी. आणि त्याच दिवशी युद्ध थांबले! दिवस मोजून पाहा: बरोबर तीन महिने. १७९२ साली ज्या तीन महिन्यांत शिपायाने लढून घरी परतावे अशी अपेक्षा होती, तेवढे तीन महिने आता नुसत्या तयारीला पुरले. रणगाडे आणि यंत्रे यांच्या युगात शनिवार-रविवारचा शिपाई अपुरा पडतो, हे त्यावरून सर्वांस कळले. पण त्यावरचा उपाय म्हणून त्याच्याकडून अपेक्षा कमी केली गेली नाही. वेळ अधिक मागितला गेला.

२००१ च्या हल्ल्यांनंतर, विशेषतः २००३ च्या इराक युद्धात, हे राखीव दल राखीव राहिलेच नाही. बोलावणे आले की तयारी धरून दीड-दीड वर्ष घराबाहेर राहावे लागे. त्यांतील सुमारे एक वर्ष परदेशात. २००७ च्या जानेवारीत संरक्षणमंत्री गेट्स यांनी एका बोलावण्याची मुदत एकूण एक वर्षावर आणली, आणि पाच वर्षांत एकच वर्ष असे ध्येय ठेविले. २०२० साली साथ, पूर, वणवे आणि शहरांतील अशांतता एकाच वेळी आली, तेव्हा जूनमध्ये लाखाहून अधिक गार्ड एकदम कामावर होते. २०२१ च्या जानेवारीत अध्यक्षांच्या शपथविधीसाठी सुमारे पंचवीस हजार गार्ड राजधानीत उभे होते.

हा वेळ येतो कोठून? शिपाई सही करतो ती स्वतःच्या वेळेवर. परंतु तो वेळ त्याच्या एकट्याचा नसतो. त्यात पत्नीचा वाटा असतो, मुलांचा असतो, मालकाचा असतो, शेजारच्या टेबलावर त्याचे काम ओढणाऱ्या सोबत्याचा असतो. ह्यांपैकी कोणीही सही केलेली नसते. लहान गावातला पोलीस, आग विझविणारा, रुग्णालयातील परिचारिका गेली की गावाचेच काम अडते. १९९४ च्या कायद्याने परतलेल्या शिपायास त्याची जुनी नोकरी मिळण्याचा हक्क भक्कम केला, आणि ते योग्यच झाले. पण ज्याचे स्वतःचे दुकान आहे, दवाखाना आहे, वकिली आहे, त्याला नोकरी कोण परत देणार? वर्षभर बंद राहिलेल्या दुकानाचे गिऱ्हाईक कायद्याने परत येत नाही.

आणि त्या उदात्त विचाराचे काय झाले? गावोगावची माणसे गेली. परंतु युद्ध थांबले नाही. कारण १७९२ साली प्रत्येक घरातला माणूस नोंदलेला होता, आणि आता थोड्याच घरांतला आहे. ओझे सर्वांवर असते तेव्हा सर्वजण बोलतात. मूठभर घरांवर ते पडते तेव्हा बाकीचे लोक त्यांचे आभार मानतात आणि आपल्या कामाला लागतात. वेळेची मर्यादा गेली तिच्याबरोबर युद्धाचा तो लगामही ढिला झाला, हा ह्या सर्व इतिहासाचा माझ्या मते मुख्य धडा आहे.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूर आहे असे कोणी समजू नये. आपली प्रादेशिक सेना १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. स्वतःचा पोटाचा धंदा असलेल्या माणसाने वर्षातील थोडा काळ देशासाठी द्यावा, हीच तिची मूळ कल्पना. मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक पलटणी पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा ३२ पैकी १४ पायदळ पलटणी कामावर घेण्याची परवानगी सरकारने दिली. संकटकाळी असे बोलाविणे भागच असते, आणि ह्या माणसांनी कधी माघार घेतलेली नाही.

मग आपण काय करावे? त्यांना बोलावूच नये असे मी म्हणत नाही. किती काळासाठी बोलावितो हे आधी सांगावे, सांगितलेला काळ पाळावा, आणि तो वाढवावयाचा असेल तर ते उघडपणे, सर्वांच्या देखत मत घेऊन करावे. १९४१ साली एका मताने का होईना, पण तसे केले गेले. कवायतीचे आकडे तेच ठेवून आतले तास वाढविण्याची युक्ती मात्र करू नये. आणि आपल्या कचेरीतला, दुकानातला, चाळीतला असा माणूस बोलावणे येऊन निघाला, तर त्याच्या मागे राहिलेले काम हे आपले काम आहे असे आपण समजावे. त्याने सही केली ती आपल्याही वतीने केली आहे.