वत्सगुल्मातले ‘गुल्म’

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात सर्वसेनापासून येथे वाकाटकांची स्वतंत्र शाखा सुरू झाली. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशीमलाच सापडला. त्यातली वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात आहे. नगराच्या नावाविषयी दोन कथा आहेत. वत्स ऋषींच्या तपामुळे देवांचा समुदाय येथे जमला, असे स्थानमाहात्म्य सांगते. कामसूत्राचा टीकाकार यशोधर मात्र वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्र भावांची नावे पुढे करतो. दोन्ही कथांत वनस्पतीचा उल्लेख नाही. तरी ‘गुल्म’ हा वनस्पतींच्या वर्गीकरणातला जुना शब्द आहे.

अमरकोशात या शब्दाचे तीन अर्थ एकत्र नोंदले आहेत : रोग, झुडूप आणि सेना. वनस्पतींच्या वर्गात अमरसिंहाने गुल्माची व्याख्या अभावातून केली आहे. ज्याला खोड नाही, ते गुल्म. ‘क्षुप’ हा शब्द त्याने वेगळा ठेवला; आखूड फांद्यांचे आणि आखूड मुळांचे ते क्षुप. आज मराठी विश्वकोशात झुडपासाठी हाच ‘क्षुप’ शब्द भेटतो.

उरलेले दोन अर्थ मात्र झुडपाची दुसरी बाजू दाखवतात. महाभारताच्या आदिपर्वातल्या हिशेबानुसार एका गुल्मात ९ रथ, ९ हत्ती, २७ घोडे आणि ४५ पायदळ असते. अनेकांनी मिळून झालेली ही एक तुकडी. आयुर्वेदात गुल्म म्हणजे पोटातला गोळा. सुश्रुतसंहितेत या नावाची कारणे दिली आहेत : प्रकुपित वायू हे त्याचे मूळ, त्याची उत्पत्ती दिसत नाही आणि तो झुडपासारखा विस्तारतो. म्हणजे वैद्याने आणि सेनापतीने झुडपात जे पाहिले, ते खोडाचे नसणे नव्हे. त्यांना दिसले ते एकत्र असलेले अनेकत्व, झाकलेले मूळ आणि पसरण्याची ताकद.

आधुनिक वनस्पतिशास्त्राची व्याख्याही या दुसऱ्या दृष्टीच्या जवळ येते. बुडाजवळूनच अनेक फांद्या फुटलेली, काष्ठमय आणि वृक्षापेक्षा ठेंगणी वनस्पती म्हणजे झुडूप. या व्याख्येत केवळ माळावरची तरवड आणि बोराटीच बसत नाहीत; कपाशी आणि तूरही बसतात. दोन्ही मुळात बहुवर्षायू झुडपे. आपण ती एका हंगामापुरती पेरतो, म्हणून त्यांना ‘पीक’ म्हणतो. वेचणी झाल्यावर उभी राहणारी पऱ्हाटी आणि चुलीत जळणाऱ्या तुराट्या त्यांचे काष्ठमयपण सिद्ध करतात. कारंज्याच्या बाजारात कापूस येतो, तो झुडपाचाच.

तरीही रोजच्या भाषेत आणि सरकारी दप्तरात अमरकोशातला अभावच टिकून राहिला. विदर्भाच्याच पूर्वेकडील सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ ही महसुली नोंद आहे. नावात जंगल असूनही ती जमीन दीर्घकाळ हलक्या प्रतीची, इतर कामांसाठी मोकळी मानली गेली. तिच्यावर वस्त्या, शाळा, कार्यालये उभी राहिली. हे जंगल आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच असल्याचा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी केंद्राच्या मंजुरीचा मार्ग ठेवला. एका शब्दाच्या अर्थावर हजारो हेक्टर जमीन आणि असंख्य घरे अवलंबून होती.

वाशीम त्या सहा जिल्ह्यांत नाही, पण प्रश्न त्याच्याही दारात आहे. कारंजा-सोहोळ अभयारण्यातला काळवीट दाट जंगलाचा प्राणी नव्हे. त्याला लागतो गवताचा, विरळ झुडपांचा मोकळा माळ. त्या माळाला ‘पडीक’ म्हटले की पुढचा विचार ठरलेला असतो : नांगरा, बांधा किंवा उंच झाडे लावा. काळविटाच्या दृष्टीने तिन्ही उपाय सारखेच.

खोड नाही, एवढ्यावरून वनस्पतीची किंमत ठरवण्याची सवय जुनी आहे. तिचा प्रतिवादही तितकाच जुना आहे. ‘गुल्म’ या एकाच शब्दाने दोन्ही जपून ठेवले. झुडूप बहुधा वरून तोडले तरी बुडापासून पुन्हा फुटते, हे शेतकऱ्याला कोश न उघडताही ठाऊक असते. माळाची नोंद करणाऱ्यानेही ते लक्षात ठेवायला हवे.