वार्धक्यातील बलवर्धक व्यायाम
वयोमानाने क्षीण झालेल्या स्नायूंना क्रमाने वाढत्या भाराविरुद्ध काम करावयास लावून उठणे, चालणे, जिना चढणे या नित्य हालचालींची क्षमता परत मिळविण्याची व्यायामपद्धती.

वार्धक्यातील स्नायुक्षयास अर्विन रोझनबर्ग यांनी 1988 मध्ये ‘सार्कोपेनिया’ (मांसन्यूनता) ही ग्रीक मूळ असलेली संज्ञा सुचविली. मारिया फियाटारोनी व सहकाऱ्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सरासरी 90 वर्षे वयाच्या वृद्धाश्रमवासीयांच्या मांड्यांच्या स्नायूंचे बल आठ आठवड्यांच्या भारव्यायामाने सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. मांडीच्या मध्यभागातील स्नायूंचे क्षेत्रफळ मात्र सुमारे 9 टक्केच वाढले. या तफावतीचे एक कारण असे की, आरंभीची बलवृद्धी मुख्यतः चेतासंस्था अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कार्यान्वित करू लागल्याने होते (पहा : चेतासंस्था; स्नायू).

वयाबरोबर शीघ्र आकुंचन पावणारे तंतू अधिक क्षीण होत असल्याने ठेच लागल्यावर तोल सावरणे अवघड जाते. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे व सावकाश बसणे हा या व्यायामपद्धतीतील मूलभूत व्यायाम असून 30 सेकंदांत तो किती वेळा जमतो, यावरून पायांचे बल अजमावतात. जमिनीवर मांडी घालून बसण्याची रीत असलेल्या समाजांत तेथून उठण्यासाठी गुडघे व नितंबसांधे अधिक वाकवावे लागत असल्याने, ती हालचाल उंच आसनापासून टप्प्याटप्प्याने साधावी लागते (पहा : संधिवात).

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बल यांवर भर देणारा विविधांगी व्यायाम सुचविला असून, पडण्याचा धोका कमी करणे हा त्याचा एक हेतू आहे (पहा : अस्थिभंग, जराविज्ञान).