नऊ मीटर, दोन मजले

कोकणातलं घर कसं असावं हे पूर्वी पावसाने ठरवलं होतं. चिऱ्याचं उंच जोतं, उतरतं छप्पर, पुढे पडवी. मीटर-बिटर कोणी मोजत नव्हतं! मग हे मोजमाप आलं कुठून? शोधायला गेलं तर गोष्ट पार दिल्लीपर्यंत जाते.

नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: भरतीच्या कमाल रेषेपासून निदान ५०० मीटरपर्यंत किनारे मोकळे ठेवा. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ला अधिसूचना निघाली. तीच आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'सीआरझेड'.

खेड्यांसाठी तिच्यात काय होतं? पहिल्या २०० मीटरमध्ये नवं घर नाही. फक्त असलेल्या 'अधिकृत' घराची दुरुस्ती, तीही जोतं न वाढवता. २०० ते ५०० मीटरमध्ये मात्र जुनी गावठाणं आणि मच्छीमार वस्त्या यांना परंपरागत हक्क म्हणून घर बांधता येईल. पण उंची ९ मीटरच्या आत, तळमजला अधिक एक, आणि सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्र जमिनीच्या ३३ टक्क्यांपर्यंतच.

आता गंमत बघा. नऊ मीटरचं बंधन आपल्या जुन्या घरांना कधी जाचलंच नाही. माळा धरूनही ती तेवढी उंच जात नाहीत. किनाऱ्यावर उंच हॉटेलं नकोत म्हणून तो नियम मला तरी आवडतो. जाचले ते ३३ टक्के. गुहागरसारख्या गावात घरामागे नारळ-सुपारीची वाडी असते, तिथे हा आकडा सहज बसतो. पण कोळीवाड्यात भिंतीला भिंत लागलेली, जेवढं घर तेवढीच जमीन. तिथे ३३ टक्के म्हणजे आहे त्यापेक्षा लहान घर! शिवाय होडी आणि मासळी वाळवायची जागा दारापासून लांब ठेवून चालत नाही, म्हणून कोळ्यांची घरं बहुधा पहिल्या २०० मीटरमध्येच. ज्यांचं नाव घेऊन सवलत लिहिली, त्यातलेच कितीतरी सवलतीबाहेर राहिले.

आणि तो 'अधिकृत' शब्द! पणजोबांनी घर बांधलं तेव्हा परवानगी मागायची पद्धतच नव्हती. आता हातात असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीच्या पावत्या. पण घरपट्टी भरली म्हणजे घर अधिकृत ठरतंच असं नाही.

६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमारांना आणि इतर परंपरागत किनारी समाजांना १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात घराची वाट मोकळी केली. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत (२०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक) बंदीचा पट्टा ५० मीटरवर आणायची तरतूद केली. आणि ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराची मंजुरी स्थानिक संस्थेकडे सोपवली.

म्हणजे १९८१ ला दिल्लीत निघालेला प्रश्न फिरून गावात आला. मला ते बरंही वाटतं आणि धाकधूकही वाटते. कोळ्याचं घर कुठलं आणि 'राहतं घर' म्हणून उठलेला बंगला कुठला, हे गावाला कागद न बघता कळतं. पण कळणं वेगळं आणि सभेत उठून बोलणं वेगळं.

असो. ज्यांची घरं अजून तिकडे आहेत त्यांनी नमुना ८ वरची नोंद एकदा तपासून घ्या.