खटक्याचा इतिहास: एवढ्याशा सुधारणेला पेटंट द्यावे का?

१/
रात्री निजानीज झाली की आमच्या वरणगावच्या गल्लीत अलीकडे एक नवा आवाज ऐकू येतो. शेजारी कोणीतरी विजेवर चालणारी स्कूटर चार्जिंगला लावतो आणि प्लग जागेवर बसताना 'खट्' असे वाजते. हा आवाज करणाऱ्या लहानशा तुकड्याला आपण खटका म्हणू. आजचा धागा या खटक्याविषयी आणि त्यावर मालकी सांगणाऱ्या कागदाविषयी, म्हणजे पेटंटविषयी आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम खटका करतो काय ते पाहू. अमेरिका व जपान येथे रूढ झालेल्या 'टाइप १' प्लगवर अंगठ्याने दाबायची कळ असते. ओढ बसून प्लग निसटू नये म्हणून ती त्याला धरून ठेवते. शिवाय ती दाबताच आतल्या एका लहान मंडलातील रोध बदलतो. प्लग आता निघणार हे गाडीला कळते आणि ती प्रवाह आधीच थांबवते. प्रवाह चालू असताना जोड सुटला, तर ठिणगी उडते. युरोपात रूढ असलेल्या 'टाइप २' मध्ये योजना वेगळी आहे. तेथे गाडीच्या बाजूची एक खीळ पुढे येऊन प्लगला अडकवते.

३/
आता कल्पना करा. जळगावच्या एखाद्या कारखानदाराने या खटक्यात सुधारणा केली. आपल्याकडच्या धुळीने स्प्रिंग अडकू नये म्हणून तिची जागा बदलली. त्याला पेटंट हवे असेल, तर त्याचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जाईल. पेटंट मिळाले, तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे त्याच्या परवानगीवाचून तसा खटका कोणालाही बनवता येणार नाही. एक स्प्रिंग हलवण्याच्या मोबदल्यात वीस वर्षांची मक्तेदारी देणे न्याय्य आहे का?

४/
हे ठरवण्याच्या प्रक्रियेला परीक्षण म्हणतात. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. अर्जदाराने मागणी केली की परीक्षक तो तपासतो आणि आपले आक्षेप पहिल्या परीक्षण अहवालात कळवतो. उत्तराला सहा महिन्यांची मुदत असते. पेटंट मिळण्याआधी कोणतीही व्यक्ती अर्जाला विरोध नोंदवू शकते. परीक्षकाच्या मुख्य कसोट्या तीन: वस्तू नवी आहे का, तिच्यात कल्पकतेचे पाऊल आहे का, आणि ती उद्योगात वापरता येते का. पहिल्या दोन कसोट्यांचे उत्तर भूतकाळात शोधावे लागते. म्हणूनच हा विषय इतिहासाच्या धाग्यात आला आहे.

५/
भारतात या व्यवस्थेचा प्रारंभ १८५६ च्या सहाव्या अधिनियमाने झाला. त्याअन्वये शोधकाला चौदा वर्षांचा अनन्य अधिकार मिळत असे. त्याच वर्षी ३ मार्चला कलकत्त्याचे अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पहिला अर्ज केला. विषय होता पंखा ओढण्याचे कार्यक्षम यंत्र. साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा तासन्तास ओढणाऱ्या माणसाचे काम यंत्राकडे देण्याची ही योजना! इंग्लंडच्या राणीची पूर्वसंमती न घेतल्यामुळे हा अधिनियम पुढच्याच वर्षी रद्द झाला आणि १८५९ मध्ये तो सुधारित रूपाने पुन्हा आला.

६/
१९११ च्या कायद्याने पेटंटचा कारभार प्रथमच नियंत्रक या अधिकाऱ्याच्या हाती सोपवला. स्वातंत्र्यानंतर प्रश्न पडला की ही व्यवस्था कोणाच्या कामी येते? न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांची समिती आणि त्यानंतर न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल यांनी त्याचा धांडोळा घेतला. भारतातील बहुतेक पेटंट परकीयांच्या नावावर होती आणि त्यांतील बरीचशी येथे वापरातच आणली जात नव्हती. अय्यंगार यांच्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला. तो २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. अनेक दुरुस्त्यांनंतर आजही तोच लागू आहे.

७/
या कायद्यातील दोन तरतुदी खटक्याच्या दृष्टीने ध्यानात ठेवाव्यात. कलम ३(फ) सांगते की, आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात साधनांची केवळ मांडणी, फेरमांडणी वा द्विरुक्ती म्हणजे शोध नव्हे. दुसरी तरतूद कल्पकतेच्या पावलाची. जुन्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवे, अथवा दोन्ही. आणि त्या क्षेत्रातील जाणकाराला ती गोष्ट सहज सुचण्याजोगी नसावी. हा 'जाणकार' प्रत्यक्षात कोणी व्यक्ती नाही. तो कायद्याने कल्पिलेला एक कुशल कारागीर आहे आणि परीक्षक प्रत्येक अर्ज त्याच्या डोळ्यांनी वाचत असतो.

८/
'नवे' म्हणजे काय, याचा धडा आपल्याला एका घरगुती वस्तूने दिला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून आणण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले. बोट कापले की हळद दाबायची, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पण अमेरिकी परीक्षकापुढे आपल्या आजीची साक्ष चालत नव्हती. त्याला लिखित, छापील पुरावा हवा होता.

९/
डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. गोव्यातील माशेल हे त्यांचे जन्मगाव, आणि त्याआधी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरपरीक्षणाची मागणी केली आणि बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. ज्ञान तोंडी असले तरी ते खरेच असते. मात्र परीक्षकाच्या टेबलावर ते कागदाच्या रूपानेच पोहोचते. कागदपत्रे जपण्याचे मोल इतिहासाच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको.

१०/
हळदीचा दावा मुळातच जुना होता. खटक्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण खटक्यात थोडे का होईना, काही नवे असतेच. अशा 'थोड्या नव्या'चे काय करायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९७८ रोजी सांगितले. तो खटलाही वस्तू घट्ट धरून ठेवण्याचाच होता. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे पितळी व जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर फिरवून घासत. जुन्या पद्धतीत भांडे मधेच निसटून उडे आणि कामगाराला इजा होण्याचे भय असे. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने भांडे पक्के धरून ठेवण्याची योजना केली आणि तिला पेटंटही मिळाले.

११/
प्रतिस्पर्धी विश्वनाथ प्रसाद राधेश्याम यांनी त्या पेटंटच्या वैधतेलाच आव्हान दिले. भांडे समोरून दाबून धरणारे टोकदार टेलस्टॉक लेथच्या कामात आधीपासून ठाऊक होते. ते या कामाला लावणे म्हणजे कारखान्यातली नेहमीची सुधारणा, शोध नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि पेटंट टिकले नाही. सुधारणा उपयुक्त होती आणि तिने कामगारांचा धोका कमी केला, यावर वाद नव्हता. तेवढ्याने ती मक्तेदारीस पात्र ठरत नाही, एवढेच न्यायालयाचे म्हणणे होते. त्याच निकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: नियंत्रकाने पेटंट दिले म्हणून ते वैध आहे याची हमी मिळत नाही. १९७० च्या कायद्याचे कलम १३(४) हेच सांगते.

१२/
आता महाराष्ट्रातल्या खटल्याकडे येऊ. त्यातही वाहन आहे आणि प्लगही आहे, मात्र तो ठिणगीचा. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १६ जुलै २००२ रोजी चार स्ट्रोकच्या सुधारित इंजिनासाठी अर्ज केला. ७ जुलै २००५ रोजी त्यांना १९५९०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. पल्सरवर झळकणारी 'डीटीएस-आय' ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. त्यांच्यामागचे तंत्र ते हेच. सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन स्पार्क प्लग. ज्योत दोन बाजूंनी पेटली की तिला कमी अंतर कापावे लागते आणि इंधन अधिक चांगले जळते.

१३/
पण दोन प्लग ही कल्पना जुनीच. विमानांच्या इंजिनांत ती कितीतरी आधी वापरात होती. बजाजचा दावा नेमका कशावर होता, ते म्हणून नीट वाचावे लागते. सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर, म्हणजे इंजिन लहान. एवढ्याशा जागेत दुसरा प्लग बसवायचा, आणि वंगणाच्या तेलापासून तो सुरक्षित राहावा म्हणून त्याला नळीसारखे आवरण द्यायचे. 'लहान जागेत बसवून दाखवले' हेच त्यांच्या मते कल्पकतेचे पाऊल होते.

१४/
२००७ मध्ये तमिळनाडूच्या टीव्हीएस कंपनीने १२५ सीसीची 'फ्लेम' जाहीर केली. तिच्यातही दोन प्लग होते, मात्र बजाजच्या दोन व्हॉल्व्हऐवजी तीन व्हॉल्व्ह होते. टीव्हीएसने बजाजचे पेटंट रद्द करण्याची मागणी केली आणि होंडाचे एक जुने अमेरिकी पेटंट पुढे ठेवले. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. १६ फेब्रुवारी २००८ रोजी एकल न्यायाधीशांनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. टीव्हीएसला मग एकाच प्लगची फ्लेम बाजारात आणावी लागली.

१५/
१८ मे २००९ रोजी खंडपीठाने ती मनाई उठवली. तीन व्हॉल्व्हचा फरक त्या निर्णयात महत्त्वाचा ठरला. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, मात्र विक्रीचा चोख हिशेब ठेवण्यास सांगितले. आणि बौद्धिक संपदेचे असे दावे रोज सुनावणी घेऊन साधारण चार महिन्यांत निकाली काढावेत, असा निर्देश दिला. प्रत्यक्षात दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली ती २०१९ मध्ये. खटल्याला बारा वर्षे लोटली होती. तोपर्यंत दुचाकीच्या बाजारात विजेची चाहूल लागली होती आणि ज्या इंजिनासाठी वाद झाला, त्याच्याच भवितव्याची चर्चा सुरू झाली होती.

१६/
आता जळगावच्या त्या कल्पित खटक्याकडे परत येऊ. स्प्रिंगची जागा बदलली आणि स्प्रिंग पूर्वीचेच काम करत राहिली, तर कलम ३(फ) आडवे येईल. मिर्झापूरचा निकाल म्हणेल, ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा. पण त्या बदलामुळे प्लग धरण्याची आणि प्रवाह थांबवण्याची क्रिया एकमेकींशी अशा जोडल्या गेल्या की धुळीतही प्रवाह आधी थांबेल आणि मगच खटका सुटेल, तर भाग केवळ शेजारी शेजारी उरले नाहीत. एकत्र येऊन ते नवे काम करू लागले. त्यातही हे एखाद्या जाणकाराला सहज सुचले असते का, हा प्रश्न उरतोच. जगभरचे जुने प्लग, जुनी पेटंट, जुनी माहितीपत्रके धुंडाळल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही.

१७/
एवढ्याशा तुकड्याचे एवढे काय, असे कोणी विचारील. प्लग ही दोन बाजूंची वस्तू आहे. एक बाजू गाडीत, दुसरी चार्जरमध्ये. आकार जुळला नाही तर दोन्ही निरुपयोगी. म्हणून त्याला मानक लागते, आणि मानक ठरले की सर्वांना तोच आकार घ्यावा लागतो. हलक्या वाहनांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७०१७ मालिकेतील मानक २०२३ मध्ये आले. बंगळुरूच्या एथर एनर्जीने विकसित केलेल्या कनेक्टरवर ते आधारलेले आहे. कंपनीने तो २०२१ मध्येच इतर उत्पादकांना खुला केला होता. अशा ठिकाणी एखाद्या खटक्यावर कोणाची बंद मालकी असती, तर तो खटका म्हणजे टोलनाकाच झाला असता. गल्लीतल्या प्रत्येक 'खट्'चा कर शेवटी ग्राहकाच्याच पावतीत आला असता.

१८/
याची दुसरी बाजूही खरी आहे. परीक्षकाने प्रत्येक लहान सुधारणा 'यात काय विशेष' म्हणून झटकली, तर वर्षभर धुळीशी झुंजून स्प्रिंग बदलणाऱ्या कारागिराच्या पदरी काहीच पडणार नाही. मोठी कंपनी त्याचा खटका उचलेल आणि त्याचे नावही कोणाला कळणार नाही. एका टेबलावर बसून परीक्षकाला दोन्ही अन्याय टाळायचे असतात. त्यासाठी त्याच्याजवळ एकच साधन असते: आधी काय होते, याचा प्रामाणिक शोध.

१९/
इतिहासाच्या वर्गात आम्हाला शिकवतात की 'पहिला' हा शब्द जपून वापरावा. ज्याला पहिला म्हणावे, त्याच्या आधी कोणीतरी सापडतोच. पेटंट कार्यालयातही हेच सूत्र चालते, फरक एवढाच की तेथे चूक झाली तर तिची किंमत वीस वर्षे मोजावी लागते.

आज रात्री गल्लीत 'खट्' वाजले की क्षणभर तिकडे कान द्या. धागा येथे पूर्ण करतो. शंका असतील, किंवा तुमच्या गावातील एखाद्या कारागिराची सुधारणा ठाऊक असेल, तर खाली अवश्य लिहा. आणि तिचा एखादा कागद, चित्र वा जुनी जाहिरात घरात असेल, तर ती जपून ठेवा.