मदिरेची लेक

हिंदीत 'उपन्यास', बंगालीतही 'उपन्यास', गुजरातीत 'नवलकथा', तेलुगूत 'नवल'. मराठीत आणि कन्नडात मात्र 'कादंबरी'. उपन्यास म्हणजे संस्कृतात जवळ ठेवणं, मांडणं, प्रस्ताव करणं. कन्नडात तो शब्द वेगळ्याच वाटेला लागला. तिथे उपन्यास म्हणजे व्याख्यान. धारवाडात 'आज संध्याकाळी उपन्यास' अशी पाटी वाचून कुणी हिंदीभाषक गेला, तर खुर्चीवर बसवून त्याला भाषण ऐकवतील. गुजरात्यांनी इंग्रजी 'नॉव्हेल'चा नाद आणि देशी 'नवल' असं दोन्ही साधून घेतलं. आपण मात्र एका पुस्तकातल्या एका मुलीचं नाव उचललं आणि सगळ्या जातीला देऊन टाकलं. उद्या कुणी प्रत्येक नाटकाला 'शाकुंतल' म्हणू लागलं तर आपण हसू. पण 'कोसला ही शाकुंतल आहे' इतकंच विचित्र असलेलं 'कोसला ही कादंबरी आहे' हे वाक्य आपण दिवसातून दहादा बोलतो आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

ही मुलगी सातव्या शतकातली. बाणभट्टाच्या गद्यकथेची ती नायिका, गंधर्वराजाची कन्या. मुळात तिचं नाव कादंबरी नव्हतंच. बाणाने ही गोष्ट गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'तून घेतली असं मानतात. ती आज मूळ रूपात हाती नाही, पण तिच्यावरून अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यात हीच गोष्ट बरीच आटोपशीर येते आणि तिथल्या नायिकेचं नाव आहे मकरंदिका. मकरंद म्हणजे फुलातला मध. बाणाने मध काढून घेतला आणि त्या जागी दारू ओतली. कारण 'कादंबरी'चा कोशातला सरळ अर्थ मद्य असाच आहे.

या मद्याचं नातं कदंबाच्या झाडाशी आणि बलरामाशी. वृंदावनात कदंबाच्या ढोलीतून वारुणी स्रवली आणि बलराम ती प्याला, ही पुराणातली कथा. कोशकारांनी आणखी एक गमतीची व्युत्पत्ती दिली आहे. कुत्सित म्हणजे मळकट अंबर ज्याचं तो 'कदंबर', म्हणजे निळं वस्त्र नेसणारा बलराम, आणि त्याला प्रिय असलेली ती कादंबरी. शब्दाचा अर्थ आधी ठाऊक असला की त्याची फोड हवी तशी करता येते, याचा हा चांगला नमुना आहे. मला कदंबाचं झाडच पुरेसं वाटतं. कोकिळा, मैना, सरस्वती असेही अर्थ कोशांत नोंदले आहेत, आणि एखादा सोवळा टीकाकार त्यांच्याकडे वळलाही असता. पण बाणाने त्याला ती पळवाट ठेवलेली नाही. त्याने कादंबरीच्या आईचं नाव ठेवलं आहे मदिरा. आई मदिरा, लेक कादंबरी. एवढं केल्यावर लेखकाच्या मनात काय होतं हे वेगळं सांगायला नको.

असली नावं कोण ठेवतो? ज्याने तरुणपणी भरपूर हुंदडून घेतलं आहे असा माणूस. बाणाइतकं स्वतःबद्दल सांगणारा जुना संस्कृत लेखक दुसरा क्वचितच सापडेल. 'हर्षचरिता'च्या सुरुवातीचा मोठा भाग त्याने राजाऐवजी स्वतःवरच खर्च केला आहे. शोण नदीकाठचं प्रीतिकूट हे त्याचं गाव. आई राजदेवी लहानपणीच गेली, वडील चित्रभानू हा चौदा वर्षांचा असताना गेले. घरात वैभव होतं, विद्या होती, धाक दाखवणारं कुणी नव्हतं. मग हा घराबाहेर पडला. बरोबर कोण होतं, त्याची यादीच तो देतो, आणि मला संस्कृत वाङ्मयातल्या पुष्कळ महाकाव्यांपेक्षा ती यादी अधिक आवडते. त्यात गारुडी आहे, सोनार आहे, चित्रकार आहे, विडे देणारा आहे, लोकभाषेत रचना करणारा कवी आहे, प्राकृत कवी आहे, लेखनिक आहे, आणि वडिलांना शूद्र स्त्रीपासून झालेले दोन भाऊही आहेत. वेदपाठी घराण्यातला मुलगा असल्या मेळ्याबरोबर गावोगाव हिंडला आणि त्याचं नाव खराब झालं. हे नाव हर्षाच्या कानापर्यंत पोचलेलं होतं. पहिल्या भेटीत राजाने त्याला 'भुजंग' म्हटलं. भुजंग म्हणजे साप, आणि त्या काळच्या बोलीत बाहेरख्याली माणूस. बाणाने राजाला तिथल्या तिथे उत्तर दिलं, आणि नंतर तो सगळा अपमान आपल्या पुस्तकात लिहून ठेवला.

त्या मेळ्यात सुदृष्टी नावाचा एक पुस्तकवाचक होता. राजदरबारातून बाण गावी परततो तेव्हा हा सुदृष्टी वायुपुराण वाचायला बसतो. हे वर्णन शब्दांचा नाद असलेल्याने मुद्दाम पाहावं. बोरूच्या काड्यांच्या घडवंचीवर तो पुस्तक ठेवतो, दोरी सोडतो, सकाळी वाचन जिथे थांबलं होतं तिथली खूण पाहून तेवढी पानं हातात घेतो. मागे मधुकर आणि पारावत नावाचे दोन बासरीवाले सूर धरून बसले आहेत. संस्कृतातल्या 'पुस्तक' या शब्दामागे सुटी पानं, दोरी, खूण आणि मोठ्याने वाचणारा माणूस असा सगळा सरंजाम होता, तो इथे डोळ्यांपुढे येतो. एकट्याने कोपऱ्यात बसून मनातल्या मनात वाचायची कादंबरी बाणाच्या डोक्यात नसावी. त्याची लांबच लांब वाक्यं कानासाठी आहेत. वेबर या जर्मन पंडिताला ते गद्य झाडी तोडत जावं लागणाऱ्या अरण्यासारखं वाटलं. डोळ्यांनी वाचलं की तसंच वाटतं.

'कादंबरी'त कादंबरी येते फार उशिरा. राजा शूद्रक, मग बोलणारा पोपट, पोपटाच्या तोंडून जाबाली ऋषी, ऋषीच्या तोंडून चंद्रापीड, चंद्रापीडाला भेटणारी महाश्वेता, आणि महाश्वेतेची मैत्रीण म्हणून कादंबरी. गोष्टीत गोष्ट शिरत जाते आणि नायिका सर्वांत आतल्या पेटीत. तिथवर पोचावं, तिचं प्रेम जुळावं, ताटातूट व्हावी, चंद्रापीडाची तांबूलवाहिनी पत्रलेखा तिची अवस्था त्याला सांगत असावी, आणि तिथेच लेखन थांबतं. बाण वारला. पुढचा भाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, पुरा केला. मरणशय्येवरच्या बाणाने समोरच्या वठलेल्या झाडाचं वर्णन करायला सांगून दोन मुलांची परीक्षा घेतली आणि ज्याची ओळ रसाळ निघाली त्याला काम दिलं, ही दंतकथा आपल्याकडे संस्कृतच्या मास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. दंतकथेपेक्षा मुलाने स्वतः लिहिलेली प्रस्तावना अधिक हृद्य आहे. या कादंबरीच्या रसाने सारे लोक इतके झिंगले आहेत की त्यांना कशाचंच भान नाही, आणि मी मात्र बेचव शब्दांनी ती पुरी करायला धजतो आहे, अशा अर्थाचं तो म्हणतो. बापाने नावात लपवलेली दारू मुलाने उघड्यावर आणली.

आता ही मुलगी मराठीत सामान्यनाम कशी झाली? कन्नडात नागवर्म्याने दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास 'कर्णाटक कादंबरी' लिहिली, तेव्हा तिथे नाव आधीपासून घरचं होतं. पण तेवढ्याने भागत नाही. गुजरातीतही भालणाने 'कादंबरी' नेली होती आणि तरी गुजरात्यांनी 'नवलकथा'च पत्करली. मराठीतला उलगडा पहिल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर शोधावा लागतो.

बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते परीक्षेसाठी पाठ करतो. पुस्तकाचं उपशीर्षक आहे 'हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. कादंबरी नव्हे, निरूपण. हा कीर्तनाचा, प्रवचनाचा शब्द. पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१चा, १८५४ साली ख्रिस्ती झालेले. लेखकाला शब्द सापडत नव्हता म्हणावं तर हा मनुष्य कोशकार. 'शब्दरत्नावली' त्यांची, मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेपही त्यांचा. शब्द तोलणाऱ्या माणसाने आपल्या पुस्तकावर 'निरूपण' लिहिलं ते विचार करूनच लिहिलं असणार. यमुना नवऱ्याबरोबर हिंडते, विधवांचे हाल पाहते, पुढे स्वतः विधवा होते. यात मद्य नाही, गंधर्व नाही, बोलणारा पोपट तर नाहीच. पदमनजींना सांगायचं होतं ते लोकांनी खरं मानावं अशी त्यांची इच्छा होती, आणि 'कादंबरी' या शब्दात तेव्हा खरेपणाचा वास नव्हता.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. मग १८६६ मध्ये त्यांचीच 'रत्नप्रभा'. त्याच दशकात नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. नावं एका ओळीत म्हणून पाहा: मुक्तामाला, रत्नप्रभा, मंजुघोषा. यांच्या जोडीला 'कादंबरी' बसवली तर ती उपरी वाटत नाही, थोरली बहीण वाटते. संकटं, ताटातूट, योगायोग, शेवटी गोड. माझा तर्क असा, की नाव चिकटलं ते या मुलींमुळे. शास्त्री मंडळींच्या हातची, नायिकेच्या नावाची, अद्भुताने भरलेली लांब गद्यकथा पाहिल्यावर संस्कृत शिकलेल्या वाचकाला आठवणार काय? नमुन्याचं नाव नगांना पडलं. हळब्यांऐवजी पदमनजींचा कित्ता गिरवला गेला असता, तर आज ग्रंथालयात 'निरूपणे' अशी चिठ्ठी लावलेलं कपाट असतं. तो धोका टळला याचा मला आनंदच आहे.

१८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' आली. गुंजीकरही बेळगावकडचेच, जांबोटीचे, 'विविधज्ञानविस्तारा'चे पहिले संपादक. त्यांनी शीर्षकातून बाईला काढून किल्ला बसवला. यमुनापर्यटन, मुक्तामाला आणि मोचनगड या तीन पुस्तकांवरून भालचंद्र नेमाड्यांनी पुढे मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या. शब्दाच्या बाजूने पाहिलं तर नामकरणाचा मान मधल्या प्रवृत्तीचा. उरलेल्या दोघींना तिचं आडनाव लावावं लागलं, आणि किल्लाही व्याकरणाने स्त्रीलिंगी झाला. 'मोचनगड आला' असं कुणी त्या पुस्तकाबद्दल म्हणत नाही.

त्याच सुमारास विष्णुशास्त्री चिपळूणकर 'शालापत्रका'तून कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्यावर लिहीत होते. ते निबंध पुढे 'संस्कृत कविपंचक' म्हणून एकत्र झाले. स्वतः विष्णुशास्त्री १८८२ साली बत्तिसावं वर्ष पुरं व्हायच्या आत गेले. दुसऱ्याच वर्षी पीटर पीटर्सन या संस्कृत पंडिताने मुंबई संस्कृत मालेत 'कादंबरी' संपादून काढली आणि मूळ नायिका कॉलेजच्या अभ्यासक्रमात जाऊन बसली. पुढे पांडुरंग वामन काण्यांनीही बाणावर टिपा लिहिल्या. त्यांचं 'हर्षचरित' १९१८चं. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ साली भारतरत्न झालेला हा विद्वान आयुष्याच्या पूर्वार्धात मदिरेच्या लेकीचे समास सोडवून देत होता, हे मला फार आवडतं.

हरिभाऊ आपट्यांना या नावाची अडचण जाणवली असावी. १८८५च्या 'मधल्या स्थिती'पासून आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' म्हटलं. १८९०मध्ये 'करमणूक' काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' येऊ लागली. तिची नायिकाही यमुनाच, घरातली यमू. शीर्षकात मात्र तिचं नाव नाही. इंग्रजी 'नॉव्हेल'च्या मुळाशी नवी, ताजी गोष्ट हाच अर्थ आहे, त्यामुळे 'आजकालची गोष्ट' हा त्याला मराठीत मिळालेला सर्वांत चोख शब्द म्हणावा लागेल. तो रुजला नाही. वाचकांनी हरिभाऊंनाच कादंबरीकार करून टाकलं. १९०२ साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी या प्रकारावर सणसणीत निबंध लिहिला, त्याचं नावही 'कादंबरी'.

बंगालात ही गुंतागुंत झालीच नाही. १८६८ साली ठाकूरवाड्यात सून म्हणून आलेल्या मातंगिनीचं नाव बदलून कादंबरी ठेवलं गेलं. रवींद्रनाथांची ती वहिनी. तिथे पुस्तकांना उपन्यास हा शब्द असल्याने मुलीचं नाव मुलीचंच राहिलं. आपल्याकडे हल्ली मुलीचं नाव कादंबरी ठेवलं की कुणीतरी 'किती पानांची?' असं विचारतोच.

बाणाला स्वतःला 'कादंबरी' हे प्रकाराचं नाव कळलंच नसतं. त्याच्या काळी दोन खाती होती. घडलेलं सांगायचं ती आख्यायिका, रचलेलं सांगायचं ती कथा. अमरकोशातही हीच वाटणी आहे. म्हणून 'हर्षचरित' आख्यायिका, 'कादंबरी' कथा. मराठीत हे हिशेब पार उलटले. आपण 'अशी एक आख्यायिका आहे' म्हणतो तेव्हा 'खरं धरू नका' असं सुचवत असतो. आणि कादंबरी? 'एखाद्या कादंबरीत शोभेल असा प्रसंग' म्हणताना अजून हळब्यांची मुक्तामाला डोकावते, पण तेवढीच. १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी' आली, १९६७मध्ये शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. तेव्हापासून घराघरांत माधवराव आणि रमाबाई बोलतात ते देसाईंचे संवाद, आणि कर्णाचा स्वभाव तो सावंतांनी रंगवलेला. पेशवाईवर वाद निघाला की कुणीतरी 'असं स्वामीत स्पष्ट लिहिलंय' म्हणून पुरावा देतो, आणि ती कादंबरी आहे हो, असं त्याला सांगून पाहावं. तो म्हणतो, कादंबरी आहे म्हणूनच तर वाचली, बखर कोण वाचतो?