खोटे, दुर्गा

(१४ जानेवारी १९०५ – २२ सप्टेंबर १९९१). मराठी-हिंदी चित्रपटांतील आणि मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ अभिनेत्री. जन्म मुंबईत, माहेरचे आडनाव लाड. शिक्षण कॅथीड्रल शाळा व सेंट झेवियर महाविद्यालयात. चित्रपटाचे दार कुलीन स्त्रियांना उघडून देणारी पहिली नटी, अशी त्यांची ओळख रूढ आहे. ती अपुरी आहे, शिवाय पहिलेपणाचा मानही त्यांचा नव्हे. दादासाहेब फाळक्यांच्या मोहिनी भस्मासुर (१९१३) या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या. खोटे यांचे मोठेपण त्यांच्या घराण्यात नाही. कुणाच्याही कह्यात न जाता पन्नास वर्षे केलेल्या कामात आहे.

घरच्या सुबत्तेमुळेच त्यांना हे स्वातंत्र्य परवडले, असा आक्षेप घेता येईल. पण त्या चित्रपटात आल्या त्या संसारातील आर्थिक ओढग्रस्तीमुळे. फरेबी जाल (१९३१) या पहिल्याच चित्रपटाने बदनामी पदरात टाकली. तरीही व्ही. शांताराम यांनी अयोध्येचा राजा (१९३२) मध्ये त्यांना तारामतीची भूमिका दिली. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा हा मराठी-हिंदी बोलपट गाजला. नटनट्या कंपन्यांच्या पगारी नोकर असण्याच्या त्या काळात खोटे मात्र कोल्हापूरहून कलकत्त्याला गेल्या, देवकी बोस यांच्या राजरानी मीरा व सीता या चित्रपटांत चमकल्या आणि पुन्हा प्रभातकडे आल्या. अमरज्योती (१९३६) मधील सौदामिनी हा या स्वतंत्र वृत्तीचा कळस. आईला स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारणाऱ्या न्यायाविरुद्ध ती बंड करते, समुद्रावर चाचेगिरी करते आणि तो न्याय देणाऱ्या अधिकाऱ्याचा पाय तोडते. ही भूमिका केवळ रूपावर तरली नसती. ती खोटे यांच्या ताठ बांध्याने आणि ठाम उच्चाराने पेलली. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

पुढे त्या आईच्या साच्यात अडकल्या, हा दुसरा आक्षेप. संख्येने पाहता तो खरा आहे. पण मुघल-ए-आझम (१९६०) मधील जोधाबाई पाहावी : पती बादशहा, पुत्र बंडखोर, आणि दोघांमध्ये उभी असलेली ही स्त्री हुंदक्यांपेक्षा नजरेने अधिक बोलते. हा संयम रंगभूमीवर कसास लागला होता. शिरवाडकरांनी मॅकबेथवरून लिहिलेल्या राजमुकुट (१९५४) मध्ये नानासाहेब फाटकांसमोर त्या नायकाच्या महत्त्वाकांक्षी पत्नीच्या भूमिकेत उभ्या राहिल्या, आणि त्या भूमिकेत वात्सल्याचा मागमूस नव्हता. चित्रपटात नाव झालेल्या नटीने रंगमंचाची जोखीम पुन्हा पुन्हा पत्करावी, याला मी त्यांच्या कलानिष्ठेचा सर्वांत भक्कम पुरावा मानतो.

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९५८), पद्मश्री (१९६८), बिदाई (१९७४) साठी फिल्मफेअर आणि दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३) हे त्यांचे प्रमुख सन्मान. मी, दुर्गा खोटे हे आत्मचरित्र. त्यांच्याच निर्मितिसंस्थेने १९८८ मध्ये वागले की दुनिया ही मालिका दूरदर्शनवर आणली.